सोलापूरला आधी वेलोड्रोम नको, मोजलेले दहा किलोमीटर हवेत

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, सोलापूर
मा. आयुक्त, सोलापूर महानगरपालिका
मा. पोलीस आयुक्त, सोलापूर शहर
मा. पोलीस अधीक्षक, सोलापूर ग्रामीण
मा. जिल्हा क्रीडा अधिकारी, सोलापूर

विषय : सायकल शर्यतीच्या सरावासाठी महिन्यातून दोन रविवारी एक रस्ता दीड तास बंद ठेवणे आणि मुलामुलींसाठी सामाईक शर्यती सायकलींची सोय करणे.

महोदय,

२०३० ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला होणार हे ठरल्यापासून खेळाच्या सोयींबद्दल सगळीकडे बोलले जात आहे. सोलापुरात सायकलिंगचा विषय निघाला की दोनच गोष्टी पुढे येतात, सायकल रॅली आणि वेलोड्रोम, म्हणजे सायकल शर्यतीसाठी बांधलेला खास कलता ट्रॅक. रॅलीला टी-शर्ट, झेंडा आणि पाहुणे मिळतात. वेलोड्रोमला कोटी लागतात, म्हणून तो कागदावरच राहतो. आज आठवी-नववीत असलेली मुले २०३० मध्ये अठरा-एकोणीस वर्षांची होतील. त्यांना या दोन्हींपेक्षा वेगळे काहीतरी हवे आहे. ते स्वस्त आहे आणि आपल्या पाच कार्यालयांच्या सह्यांनी ते या हंगामातच सुरू होऊ शकते.

टाइम ट्रायल म्हणजे घड्याळाविरुद्ध एकट्याने मारलेली सायकल. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये २०२४ ला हे अंतर पुरुषांना आणि महिलांना सारखेच, ३२.४ किलोमीटर होते. बेल्जियमच्या रेम्को एव्हेनेपूलने ते ३६ मिनिटे १२ सेकंदांत कापले, म्हणजे ताशी जवळपास ५३.७ किलोमीटर वेग. रौप्यपदक विजेता इटलीचा फिलिप्पो गान्ना त्याच्यापेक्षा १५ सेकंदांनी मागे राहिला. हा फरक दहा किलोमीटरवर आणला तर साडेचार सेकंदांच्या आसपास येतो. महिलांमध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रेस ब्राउनने सुवर्ण जिंकले. अमेरिकेची क्लोई डायगर्ट त्या दिवशी ओल्या रस्त्यावर वळणात पडली, उठली आणि कांस्यपदकावर आली. रौप्यपदक तिच्या हातून एका सेकंदापेक्षाही कमी फरकाने गेले.

आता आपल्याकडच्या निवड चाचणीकडे पाहा. रस्त्याचे अंतर मोटारसायकलच्या मीटरवर किंवा मोबाइलवर ठरते. मोबाइलच्या जीपीएसवर दहा किलोमीटरमागे ५० मीटरची चूक सहज होते. ताशी ४० च्या वेगाने ५० मीटर म्हणजे साडेचार सेकंद. पॅरिसच्या सुवर्ण-रौप्यातले अंतर आपण टेप न लावल्यामुळे हरवतो आहोत. एकाच दिवशी एकाच रस्त्यावर ही चूक सगळ्यांना सारखी लागते हे खरे, पण मार्चमधल्या मुलीची वेळ नोव्हेंबरमधल्या तिच्याच वेळेशी कशी ताडायची? सांगलीच्या किंवा नाशिकच्या मुलांशी तुलना कशी करायची? प्रशिक्षकाला सरावात काय बदलायचे हे कळण्यासाठी पहिली गरज भरवशाच्या आकड्याची असते.

चाचणीत सगळे एकदम सोडले तर बिघाड आणखी वाढतो. पुढच्याच्या चाकामागे राहिले की मागच्याची मेहनत पाव ते एक तृतीयांश वाचते. ताशी ४० वरून ४४ वर जायला हवेविरुद्ध ३३ टक्के जास्त ताकद लागते, कारण लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे घोळक्यात पहिला आलेला सर्वांत ताकदवान असेलच असे नाही. त्यातच नातेवाइकाची मोटारसायकल व्हिडिओ काढत मुलाच्या पुढे चालत असेल तर त्या वेळेला काहीच अर्थ उरत नाही. आंतरराष्ट्रीय नियमात हे स्पष्ट आहे. मागून येऊन ओलांडणाऱ्याने बाजूला किमान २ मीटर अंतर ठेवायचे, ओलांडला गेलेल्याने किमान २५ मीटर मागे राहायचे आणि सोबतचे वाहन सायकलस्वाराच्या मागेच, किमान १० मीटरवर ठेवायचे. हे नियम पाळायला खर्च येत नाही. पाळून घेणारी माणसे मात्र रस्त्यावर हवीत.

रस्ता कोणता निवडायचा, यावर सर्वांत जास्त विचार व्हायला हवा. पुणे, विजयपूर, तुळजापूर, मंगळवेढा यांकडे जाणारे राष्ट्रीय महामार्ग आम्ही मागत नाही. ते बंद ठेवणे शक्य नाही आणि योग्यही नाही. महामार्गाच्या कडेला फुटलेल्या ट्रक टायरच्या बारीक तारा पडलेल्या असतात, त्या सायकलच्या टायरमध्ये घुसतात. आम्हाला सार्वजनिक बांधकाम विभागाचा किंवा जिल्हा परिषदेचा पाच किलोमीटरचा तुकडा हवा, जाऊन परत यायचा. त्याची रुंदी दोन पदरी म्हणजे ७ मीटर असावी. साडेपाच मीटरच्या रस्त्यावर, परत फिरण्याच्या जागी ठेवलेल्या शंकूभोवती वळताना समोरून येणाऱ्यासाठी जागा उरत नाही. मध्ये गाव, शाळा, सिग्नल नसावा, गतिरोधक असलाच तर एखादाच आणि रंगवलेला. बंद काळात वाहनांना जायला दुसरा रस्ता असावा. तुकडा निवडला की पावसाळ्यानंतर एकदा खड्डे भरावेत. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी दोन्ही कडांचा एकेक मीटर झाडून घ्यावा, कारण वेड्या बाभळीचे काटे आणि सराटे कडेलाच साठतात.

ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत उसाचा हंगाम असतो. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर पहाटे कारखान्याच्या वाटेवर असतात, अनेकांना मागचा दिवा किंवा परावर्तक नसतो, आणि रस्त्यावर उसाची कांडी पडलेली असतात. पातळ टायरखाली कांडे आले की पुढचे चाक निसटते. म्हणून निवडलेला रस्ता कोणत्याही साखर कारखान्याच्या वाटेवर नसावा, आणि या सहा महिन्यांत पहिली सायकल सुटण्याआधी कुणीतरी पूर्ण रस्ता एकदा फिरून यावा. वेळही ऋतूप्रमाणे बदलावी लागेल. डिसेंबर-जानेवारीत सातच्या आधी पुरेसे दिसत नाही. एप्रिल-मेमध्ये सहाला सुरुवात करून साडेसातच्या आत शेवटचा स्वार परत आलाच पाहिजे, कारण आपल्या उन्हात त्यानंतर घेतलेली वेळ पायांची राहत नाही, उष्णतेची होते. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेचा पंधरवडा सोडावा, कारण तेव्हा पोलिसांवर आधीच ताण असतो.

मोजणी अशी करावी. सर्वेक्षणाच्या पोलादी टेपने सरळ सपाट रस्त्यावर ३०० मीटर मोजायचे आणि दोन्ही टोकांना खूण करायची. ७००×२५ चे, म्हणजे २५ मिलिमीटर रुंदीचे, टायर असलेली सायकल ठरावीक हवेवर त्या अंतरात चार वेळा चालवून चाकाचे फेरे मोजायचे. एका फेऱ्याला साधारण २.१०५ मीटर धरले तर १४२ ते १४३ फेरे येतात, पण चालवणाऱ्याच्या वजनाने आकडा थोडा बदलतो. म्हणून पुस्तकातला आकडा न घेता आपला काढायचा. मग त्याच स्वाराने, त्याच हवेवर रस्ता मोजायचा. पाच किलोमीटरला सुमारे २,३७५ फेरे होतात, आणि एक फेरा चुकला तरी चूक सव्वादोन मीटरच्या आत राहते. काम संपल्यावर त्या ३०० मीटरवर पुन्हा चार वेळा सायकल चालवून दोन्ही सरासऱ्यांची सरासरी घ्यायची, कारण ऊन वाढले की टायरमधली हवा फुगते आणि चाकाचा घेर वाढतो. मोजताना डाव्या कडेपासून एक मीटरची रेघ धरून चालायचे आणि शंकूभोवतीचा अर्धगोल हिशोबात घ्यायचा. सुरुवात, शेवट आणि वळण या तिन्ही जागी डांबरात खिळा ठोकायचा, आणि जवळच्या मोरीच्या कठड्यापासून व विजेच्या खांबापासून त्याचे अंतर वहीत लिहून ठेवायचे. डांबराचा नवा थर आला की खिळा दिसेनासा होतो, तेव्हा ही नोंद कामी येते. किलोमीटरच्या दगडांवर विसंबू नये, ते एवढ्या काटेकोरपणासाठी लावलेले नसतात.

वेळनोंदीला महागडी यंत्रणा सुरुवातीला नको. स्वार एक-एक मिनिटाच्या अंतराने सुटतात आणि सुटायची वेळ पूर्ण मिनिटावर ठरलेली असते. ६:१५ ला पहिला, ६:१६ ला दुसरा, असे ४० स्वार ६:५४ पर्यंत सुटतात. उशिरा आला तरी घड्याळ थांबत नाही, त्याचे मिनिट सुरू झालेले असते. शेवटी फक्त आगमनाची वेळ लिहायची आणि वजाबाकी करायची. दोन्ही टोकांची घड्याळे सुरुवातीला शेजारी धरून एकत्र सुरू करायची, वेगवेगळ्या मोबाइलचे घड्याळ वापरायचे नाही. शेवटच्या रेषेवर दोन नोंदकार, दोघांनी एकमेकांचे न पाहता लिहायचे, आणि तिसऱ्याने फक्त नंबर पुकारायचा. हाताने दाबलेल्या घड्याळात दोन-तीन दशांश सेकंदांची गफलत राहतेच. सुरुवात आणि शेवट एकाच रेषेवर ठेवू नये, किमान ५० मीटर अंतर असावे, नाहीतर परत येणारा ताशी ४० च्या वेगाने थांबलेल्या मुलांमध्ये शिरतो. सुटताना सायकल धरणारा माणूस सगळ्यांसाठी एकच असावा आणि त्याने ढकलू नये, फक्त सोडावे.

प्रत्येक वेळी वाऱ्याची दिशा आणि अंदाजे जोर लिहावा. जाताना समोरून वारा असला तर येताना पाठीवर असतो, म्हणजे हिशोब मिटला, असे अनेकांना वाटते. तो मिटत नाही. वारा नसताना ताशी ४० ने दहा किलोमीटरला १५ मिनिटे लागतात. वाऱ्यामुळे जाताना ३० आणि येताना ५० चा वेग झाला, तर पाच किलोमीटरला १० मिनिटे आणि पुढच्या पाचला ६, मिळून १६ मिनिटे. कमी वेगाच्या भागात जास्त वेळ जातो, म्हणून वाऱ्याच्या दिवशी वेळ नेहमीच खराब येते. जून-जुलैमध्ये आपल्याकडे पश्चिमेचा वारा जोरात असतो. त्या महिन्यांतल्या आकड्यांवर मुलाला नाउमेद करणे अन्याय आहे.

पोलिसांकडून आमची मागणी दीड तासाची आहे, पण त्या दीड तासात रस्ता खरोखर बंद हवा. अर्धा बंद रस्ता उघड्या रस्त्यापेक्षा धोक्याचा असतो, कारण मूल निर्धास्तपणे मान खाली घालून चालवते आणि समोरून जीप येते. दोन टोकांना दोन-दोन कर्मचारी, मधल्या प्रत्येक शेतवाटेच्या तोंडाशी शिट्टी आणि झेंडा घेतलेला एक स्वयंसेवक, वळणाच्या शंकूपाशी दोन. स्वयंसेवक आम्ही देऊ. रुग्णवाहिका सुरुवातीच्या टोकाला उभी असावी, आणि ती आत येताना उरलेले स्वार थांबवायचा अधिकार एकाच व्यक्तीकडे असावा. शेतकऱ्यांना आठवडाभर आधी ग्रामपंचायतीमार्फत कळवावे. दुधाच्या गाड्यांची वेळ विचारूनच शर्यतीची वेळ ठरवावी. त्यांचे दूध अडवून खेळ वाढणार नाही.

सायकलींबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण खरेदीत चूक झाली की ती पाच वर्षे पुरते. निविदेत नुसते ‘गिअरची सायकल’ लिहिले की सर्वांत कमी दरात पुढे शॉकॲब्सॉर्बर असलेली, सोळा-सतरा किलोची, जाड टायरची सायकल येते. ती शर्यतीच्या उपयोगाची नसते. आम्ही सुचवतो की ॲल्युमिनियम फ्रेमच्या १२ रोड सायकली घ्याव्यात, वजन साडेदहा किलोच्या आत, २८ मिलिमीटरचे टायर बसेल एवढी जागा, चेनच्या पुढच्या चकत्यांना ५०/३४ दात आणि मागच्यांना ११ ते २८. मापे ४८, ५१ आणि ५४ सेंटीमीटरच्या जवळपासची, प्रत्येकी चार. क्रँक, म्हणजे पॅडलचा दांडा, लहान मापात १६५ मिलिमीटरचाच मागावा, लांब क्रँकने कमी उंचीच्या मुलांचे गुडघे दुखतात. कार्बनच्या एका टाइम ट्रायल सायकलच्या पैशात अशा आठ-दहा येतात. वजनाचा हट्ट सोडावा. आंतरराष्ट्रीय शर्यतीतही सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी चालत नाही आणि सपाट रस्त्यावर लढाई वजनाशी कमी, वाऱ्याशी जास्त असते. सहा सायकलींना हँडलवर बसणारे एरो-बार घ्यावेत. ते बंद आणि सरळ रस्त्यावरच वापरायचे, कारण त्यावर कोपरे टेकली की हात ब्रेकपासून दूर जातात.

बाराही सायकली एकाच मॉडेलच्या असाव्यात. मागचा गिअर ज्या छोट्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर लटकतो, तो हँगर प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो. टेम्पोत सायकल उजव्या बाजूवर आडवी ठेवली की तो वाकतो. मग सर्वांत हलका गिअर टाकताच गिअरचा सांगाडा आऱ्यांत अडकतो आणि चाक, गिअर, चेन तिन्ही एकदम जातात. म्हणून सायकली उभ्याच न्यायच्या, नेऊन उतरवल्यावर गिअरला आऱ्यांकडे जाण्यापासून रोखणारा ‘एल’ स्क्रू तपासायचा, आणि चार हँगर जादा ठेवायचे.

बसण्याचे माप प्रत्येक मुलासाठी वहीत लिहावे. अनवाणी उभे करून दोन पायांमधली उंची भिंतीला टेकवलेल्या वहीने मोजायची आणि तिला ०.८८३ ने गुणायचे. तेवढे अंतर क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत ठेवायचे. ७६ सेंटीमीटरला ६७.१ येते. ही सुरुवात आहे. मुलगी पॅडल मारताना मागून पाहिले असता कंबर डावी-उजवी हलत असेल तर सीट वर झाली आहे, ती तीन-चार मिलिमीटर उतरवायची. मुले वाढतात, दर तीन महिन्यांनी पुन्हा मोजावे.

टायरमध्ये ११० पाउंड हवा भरायची सवय मोडायला हवी. आपल्या खडीच्या डांबरावर इतकी कडक सायकल नुसती उडते, वेग मिळत नाही. २८ च्या टायरला ५५ किलोच्या मुलासाठी ७० ते ७५ पुरे. ट्यूब बारीक व्हॉल्व्हच्या असतात. नेहमीच्या दुकानातला पंप त्यांना बसत नाही, म्हणून पितळी ॲडॉप्टर प्रत्येक पेटीत हवाच. काट्यांसाठी ट्यूबमध्ये सीलंट, म्हणजे भोक आपोआप बुजवणारा द्रव, घालावे. चेन पहिल्या पिनेपासून पंचविसाव्या पिनेपर्यंत मोजली की नवी ३०४.८ मिलिमीटर भरते. ३०६.३ झाली की बदलायची. नाही बदलली तर ती मागचे दात खाते आणि मग चेनच्या कैकपट खर्च होतो. काळ्या मातीची धूळ ओल्या तेलावर बसून चेन लवकर झिजते, त्यामुळे कोरडे वंगण वापरावे आणि आठवड्यातून एकदा चेन पुसावी. वर्षभरासाठी २४ चेन, ३० टायर, ८० ट्यूब, ब्रेक रबरांच्या २० जोड्या आणि केबलचा एक खोका धरावा. हे अंदाजपत्रकात पहिल्याच वर्षी नसेल तर दुसऱ्या वर्षी बारा सायकली कुलूपबंद दिसतील. त्या ठेवायला पत्र्याची शेड नको, मेमध्ये आत रबर शिजते.

चाकाचा आऊट काढणारे, छर्रे-कोन जमवणारे तयार हात सोलापुरात गल्लोगल्ली आहेत. त्यांतल्या दोघांना नवे गिअर आणि टॉर्क पान्याचे काम शिकवून दरमहा मानधन द्यावे. स्टेमचा, म्हणजे हँडल धरणाऱ्या तुकड्याचा, बोल्ट साधारण ५ न्यूटन-मीटर एवढ्याच जोराने आवळायचा असतो, तो जोर टॉर्क पान्यावर कळतो. अंदाजाने आवळला तर एकतर आटे जातात किंवा शर्यतीत हँडल फिरते. आमच्या मते संपूर्ण योजनेत हे मानधन सर्वांत आधी मंजूर व्हावे.

मुलींसाठी वेगळे, कमी अंतर ठेवू नये. महिलांची रस्ता शर्यत ऑलिम्पिकमध्ये १९८४ ला आली, आणि पॅरिसमध्ये सायकलिंगच्या २२ प्रकारांत ११ पुरुषांचे आणि ११ महिलांचे होते. महाराष्ट्राची मयूरी लुटे २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारताकडून ट्रॅकवर उतरली. आपल्याकडे मुलींची संख्या रोडावते त्यामागे बहुतेक वेळा पायांतली ताकद हे कारण नसते. पहाटे गावाबाहेर स्वच्छतागृह आणि कपडे बदलायला जागा नसते, हे कारण असते. महापालिकेचे एक फिरते स्वच्छतागृह आणि एक बंद तंबू सुरुवातीच्या जागी लागेल. ते नसेल तर बाकीची योजना अर्ध्याच मुलांसाठी आहे असे समजावे.

वेलोड्रोमविषयी आमचे मत स्पष्ट आहे. ट्रॅक महत्त्वाचा आहे, यात शंका नाही. ग्लासगोच्या २०२६ च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या कार्यक्रमात सायकलिंग फक्त ट्रॅकवरचे आहे, रस्त्यावरचे नाही. भारताला ज्युनियर जागतिक स्पर्धेत २०१९ ला सांघिक स्प्रिंटचे सुवर्ण मिळाले तेही ट्रॅकवर, आणि त्या संघातला ईसो आल्बेन अंदमान-निकोबारचा तर रोनाल्डो सिंग मणिपूरचा. तयारी दिल्लीच्या इंदिरा गांधी संकुलातल्या २५० मीटरच्या लाकडी ट्रॅकवर झाली. असा ट्रॅक वळणावर ४२ अंशांच्या आसपास कलता असतो, त्याला वातानुकूलित छत लागते, आणि कल चुकला तर तो दुरुस्त होत नाही, पाडावा लागतो. एवढे सांभाळायची तयारी आज सोलापुरात नाही. जिल्ह्याचे काम ट्रॅकला लायक मुले शोधून पाठवणे हे आहे. त्यासाठी त्याच बंद रस्त्यावर, टाइम ट्रायल संपल्यावर, थांबलेल्या स्थितीतून १२५ मीटर आणि धावत्या सुरुवातीने २०० मीटर, अशा दोन चाचण्या घेता येतात. गिअर सगळ्यांना एकच, ५०×१५ वर बांधून द्यायचा. या चाचण्यांना खो-खोच्या मैदानावरची मुले जरूर बोलवावीत. झटक्यात सुटणारे पाय आपल्या जिल्ह्यात खो-खोनेच घडवले आहेत, आणि पहिल्या १२५ मीटरला तेच लागतात. त्यातून निघालेल्या मुलामुलींना वर्षातून दोनदा पंधरा दिवस पुण्यातल्या बालेवाडीला किंवा दिल्लीला ट्रॅकवर नेण्याचा खर्च जिल्हा क्रीडा कार्यालयाने उचलावा.

वळणाच्या सरावाला तर रस्ताही लागत नाही. क्रीडा संकुलाच्या पक्क्या जागेवर आठ शंकू, मध्ये सहा-सहा मीटर अंतर. नजर पुढच्या शंकूकडे, बाहेरचा पाय खाली, ब्रेक वळणाच्या आधी. पहिले दोन आठवडे कोरड्यावर, मग पाणी मारून, हवा दहा पाउंडांनी उतरवून. डायगर्टसारख्या जगज्जेतीलाही ओल्या वळणाने पाडले, आणि आपली मुले ओल्या रस्त्यावर पहिल्यांदा थेट राज्य स्पर्धेत उतरतात.

जानेवारी २०२६ साठी पुणे जिल्ह्याने आंतरराष्ट्रीय दर्जाची ४३७ किलोमीटरची पुणे ग्रँड टूर आखली, तेव्हा रस्ते, पोलीस, महसूल आणि क्रीडा ही खाती एका टेबलाशी बसली. आम्ही त्याचा अगदी लहान भाग मागतो आहोत, पाच किलोमीटर रस्ता आणि महिन्याचे तीन तास. रस्त्याची निवड करायला बांधकाम विभागाचा एक शाखा अभियंता, वाहतूक शाखेचा एक अधिकारी आणि आमच्यातले दोघे, अशी एक पाहणी लावावी. ती उसाचा हंगाम सुरू होण्याआधी व्हावी. पोलादी टेप, खिळे, शंकू आणि घड्याळे आम्ही घेऊन येऊ. पहिल्या रविवारच्या सर्व नोंदी, वाऱ्यासह, त्याच दिवशी दुपारपर्यंत पाचही कार्यालयांना लेखी मिळतील.

आपले,
सोलापूर जिल्ह्यातील सायकल प्रशिक्षक, मेकॅनिक आणि वेळनोंदकार